बिली मेरेडिथ : एका खेळाडूची फिर्याद

लाच देऊ करणाऱ्या माणसाविषयी दोन बरे शब्द लिहावयाचे म्हणजे लिहिणाऱ्याच्याच नीतीविषयी शंका घेण्यास जागा होते. त्यातून तो माणूस कोणी मुत्सद्दी किंवा ग्रंथकार असता तर गोष्ट वेगळी. तशांच्या पदरचे दोष धुऊन काढण्याची कला चरित्रकारांनी फार पूर्वीच साध्य केली आहे. मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो फुटबॉल खेळून पोट भरणारा एक खाणमजूर होता. विल्यम हेन्री मेरेडिथ हे त्याचे नाव. लोक त्यास बिली म्हणत. इंग्लंडातील मजूरचळवळीचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा इतिहास चाळताना हे नाव पुनःपुन्हा आडवे येते, आणि त्याच्या पाठोपाठ १९०५ सालचे ते दहा पौंडांचे प्रकरणही येते. ते प्रकरण झाकून ठेवावे असे त्याच्या चाहत्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते घडले होते असे माझे मत आहे. आणि ते घडले होते हे मान्य केल्यावाचून या माणसाने पुढे जी फिर्याद मांडली तिचे खरे वजन कळत नाही.

मेरेडिथचा जन्म ३० जुलै १८७४ रोजी वेल्समध्ये, इंग्लंडच्या सीमेलगत असलेल्या चर्क गावाजवळ ब्लॅक पार्क येथे झाला. घर खाणकामगारांचे, कुटुंब मोठे, धर्म मेथॉडिस्ट पंथाचा आणि त्यामुळे शिस्त कडक. वयाच्या बाराव्या वर्षी हा मुलगा खाणीत उतरला. कोळशाच्या गाड्या ओढणारी तट्टे अंधाऱ्या बोगद्यांतून हाकीत नेण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याच गावात टॉमस नावाचे एक शाळामास्तर फुटबॉलचे मोठे भोक्ते होते, आणि त्यांच्या हाताखालून वेल्सच्या राष्ट्रीय संघात गेलेले खेळाडू एकदोन नव्हेत, बरेच निघाले. एवढ्याशा खेड्यातील एका मास्तराने केलेले हे काम पाहिले म्हणजे आमच्या धंद्याविषयी थोडा अभिमान वाटतो; असो.

१८९४ साली मँचेस्टर सिटी या नव्यानेच नाव बदललेल्या क्लबाची माणसे त्यास नेण्यासाठी चर्कला आली. आपला खेळाडू पळवावयास आलेल्या या पाहुण्यांपैकी एकास गावकऱ्यांनी तळ्यात बुचकळले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मेरेडिथच्या आईचा विरोध मात्र खरा होता. खेळ हा सुटीच्या दिवशी करावयाचा. त्याचे पैसे घेणे हे त्या माउलीस पटले नाही. खाणीत राबून मिळालेली मजुरी ही तिच्या दृष्टीने मानाची, आणि चेंडू लाथाडून मिळालेला पैसा संशयास्पद. मुलाने तडजोड केली ती अशी की, प्रथम काही काळ खाणीतील काम न सोडताच तो आठवड्याच्या शेवटी आगगाडीने जाऊन मँचेस्टरसाठी खेळे. न्यूकॅसलविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याचा पक्ष ५–४ असा हरला. आठवड्यानंतर स्वतःच्या मैदानावर न्यूटन हीथशी गाठ पडली. त्यात त्याने दोन गोल केले तरी हारच पदरी आली. हे न्यूटन हीथ म्हणजेच पुढचे मँचेस्टर युनायटेड, हे येथेच सांगून ठेवितो.

तो खेळत असे उजव्या बगलेवर. शरीर सडपातळ, पाय किंचित बाकदार, चेहरा लांबट व गंभीर, आणि दातांत सदैव एक दातकोरणी. पूर्वी तो तंबाखू चघळी, आणि सदऱ्यावरील डागांमुळे धुणावळीने कुरकुर केल्यावर तो दातकोरणीवर आला, असे सांगतात. दातकोरणी चघळीत चघळीत, घाई कशी ती न करता, कडेच्या रेषेला धरून तो चेंडू नेई. अडविणारा जवळ येईपर्यंत थांबे. आणि मग त्यास बगल देऊन गोलाच्या तोंडाशी चेंडू असा टाकी की सोबत्यास फक्त डोके किंवा पाय लावण्याचे काम उरे. व्यंगचित्रकारांनी ती दातकोरणी अमर करून ठेविली. धंदेवाईक खेळाडूंतील पहिला सर्वलोकप्रसिद्ध पुरुष तोच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मला ते म्हणणे पटते.

आता ज्या नियमावरून पुढील सर्व महाभारत झाले तो नियम वाचकांनी नीट पाहावा. १९०१ सालापासून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने असे ठरविले की, कोणत्याही खेळाडूस आठवड्यास ४ पौंडांहून अधिक वेतन देता कामा नये. क्लबात दाखल होताना फार तर १० पौंड द्यावेत. सामना जिंकल्याबद्दल वेगळे बक्षीस देऊ नये. कुशल कारागिराच्या मजुरीच्या मानाने ४ पौंड हे सुमारे दुप्पट होते, तेव्हा ही माणसे उपाशी मरत होती असे कोणी म्हणू नये. परंतु या नियमास एक जोडीदार होता. एकदा क्लबाशी करार झाला की त्या क्लबाच्या संमतीवाचून खेळाडूस दुसरीकडे जाता येत नसे, कराराची मुदत संपली तरीही. क्लब मात्र त्यास विकू शके. १९०५ च्या फेब्रुवारीत मिडल्सब्रो क्लबाने सन्डरलंडकडून आल्फ कॉमन नावाचा खेळाडू १,००० पौंडांस घेतला, आणि तो आकडा वाचून सारा देश चकित झाला. वर्षास ४ पौंडांच्या हिशेबाने २०८ पौंड होतात. म्हणजे ज्या माणसाची किंमत हजार पौंड ठरली त्यास स्वतःला तेवढी रक्कम मिळण्यास जवळजवळ पाच वर्षे खेळावे लागले असते, आणि तोवर त्याचे गुडघे शाबूत राहतीलच याची हमी कोणी द्यावी?

अर्थात नियम जेवढा कडक तेवढी पळवाट रुंद. मोठे क्लब हिशेबाच्या वहीत चार पौंड लिहीत आणि पाकिटात अधिक घालीत. मँचेस्टर सिटी हा त्यांपैकीच एक. मेरेडिथला आठवड्यास ६ पौंड मिळत असत हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. टॉम मेली हा तेथील सेक्रेटरी व व्यवस्थापक. त्याच्या कारकीर्दीत २३ एप्रिल १९०४ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर मँचेस्टर सिटीने बोल्टन वाँडरर्सचा १–० असा पराभव करून एफ. ए. चषक जिंकला. तो एकुलता एक गोल मेरेडिथचा. तो ऑफसाइड होता अशी त्या वेळीही कुजबुज झाली. या माणसाच्या नशिबी निर्भेळ यश कधी नव्हतेच म्हणावयाचे.

पुढच्या हंगामाचा शेवटचा सामना २९ एप्रिल १९०५ रोजी बर्मिंगहॅम येथे अ‍ॅस्टन व्हिलाशी होता. लीगचे अजिंक्यपद मिळण्याची आशा राखावयाची तर सिटीस तो जिंकणे भाग होते. सामना हमरीतुमरीवर आला, मेरेडिथचा सोबती सँडी टर्नबुल व व्हिलाचा कप्तान अ‍ॅलेक लीक यांची मारामारी जुंपली, आणि व्हिला ३–२ ने जिंकले. मारामारीची चौकशी करावयास बसलेल्या असोसिएशनच्या समितीपुढे भलतेच निघाले. सामना सिटीस सोडावा म्हणून मेरेडिथने लीक यास १० पौंड देऊ केले, असा आरोप आला. मेरेडिथने तो साफ नाकारला. समितीने त्यास दोषी ठरविले आणि एप्रिल १९०६ अखेरपर्यंत खेळण्यास बंदी केली. दहा पौंड, म्हणजे वहीतील अडीच आठवड्यांचे वेतन.

बंदीच्या त्या वर्षात जे घडले त्यात या प्रकरणाचे मर्म आहे. खेळता येत नाही म्हणून वेतन नाही. दुसऱ्या क्लबात जाता येत नाही. आणि ज्यांच्यासाठी लाच देऊ केली असे तो म्हणे ते लोक पाठ फिरवून उभे. मेरेडिथ क्लबाच्या दारी जाऊन पैसे मागू लागला. असोसिएशनची नजर आधीच क्लबावर होती, तेव्हा बंदी असलेल्या खेळाडूस पैसे देणे चालकांस परवडण्याजोगे नव्हते. त्यांनी त्याचे नाव विक्रीच्या यादीत टाकले, आणि तो पैशासाठी तगादा लावतो असे वर असोसिएशनला कळविले. मग मात्र मेरेडिथचा तोल गेला. दहा पौंडांची गोष्ट खरी आहे, ती मेलीच्या सांगण्यावरून व इतर खेळाडूंच्या माहितीने झाली, आणि क्लबाचे यश हे वेतनाचा नियम मोडूनच मिळविलेले आहे, असे त्याने उघडपणे सांगून टाकले. मेलीने लाचेचा भाग नाकारला. जादा वेतनाबाबत मात्र त्याचे म्हणणे असे पडले की, सगळ्या मोठ्या क्लबांची अशी झडती घेतली तर निर्दोष सुटणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

१९०६ च्या मे महिन्याच्या अखेरीस निकाल लागला. मेली व माजी अध्यक्ष यांना फुटबॉलच्या कारभारातून बेमुदत दूर केले; सतरा खेळाडूंस १ जानेवारी १९०७ पर्यंत खेळण्यास मनाई झाली, त्यांच्यावर एकंदर ९०० पौंडांचा दंड बसला, आणि त्यांनी पुन्हा मँचेस्टर सिटीसाठी खेळू नये असेही ठरले. विजयी संघ एका दिवसात नाहीसा झाला.

आता मेरेडिथविषयी काय म्हणावे? वर्षभर त्याने खोटे सांगितले. खरे सांगितले ते पोटास चिमटा बसल्यावर, आणि तेही आपल्याबरोबर सोळा सोबती बुडतील हे दिसत असताना. ज्या जादा पैशाचा त्याने बोभाटा केला तो त्याने स्वतः वर्षानुवर्षे खिशात घातला होता. यात उदात्त असे काहीही नाही. माझे काही विद्यार्थी मजूरचळवळीतील पुरुषांना संतांच्या पंक्तीस बसविण्यास उत्सुक असतात. त्यांना मी मेरेडिथचे हे वर्ष वाचावयास सांगतो. परंतु साक्षीदार लोभी आहे एवढ्याने साक्ष खोटी ठरत नाही. क्लब नियम मोडीत होता, ते चालकांस ठाऊक होते, आणि सापडल्यावर भरपाई एकट्या खेळाडूकडून करून घेण्याचा त्यांचा बेत होता, हे तिन्ही मुद्दे चौकशीनंतर नाकारणे कठीण झाले. एखादा सज्जन खेळाडू गप्प बसला असता. तो आपली बंदी भोगून, क्लबाचे नाव राखून, मान खाली घालून परत आला असता, आणि वहीतील चार पौंड तसेच राहिले असते. मेरेडिथपाशी ती सज्जनता नव्हती. त्याच्यापाशी होता तो खाणकामगाराचा हिशेबीपणा: काम केले आहे, दाम टाका. लाच देऊ करण्यातही तोच हिशेबीपणा होता, आणि पुढे संघटना उभारण्यातही तोच. एकास शिव्या देऊन दुसऱ्याची आरती करावयाची असेल तर माणसाचे दोन तुकडे करावे लागतील.

बंदीचा काळ संपत आला तेव्हा, १९०६ च्या नोव्हेंबरात, मँचेस्टरच्या क्वीन्स हॉटेलात सिटीच्या खेळाडूंचा अक्षरशः बाजार भरला व देशभरच्या क्लबांचे प्रतिनिधी खरेदीस जमले. नीतीचे रक्षण करावयास निघालेल्या व्यवस्थेचा हा शेवट. गावातल्याच मँचेस्टर युनायटेडने मेरेडिथला आधीच आपल्याकडे वळविले होते. आता टर्नबुल, बर्जेस व बॅनिस्टर हेही तिकडेच गेले. १ जानेवारी १९०७ रोजी चौघे प्रथम मैदानात उतरले ते नेमके अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध. मेरेडिथने बगलेवरून चेंडू दिला, टर्नबुलने गोल केला, आणि युनायटेड १–० ने जिंकले. पुढील चार वर्षांत युनायटेडने १९०८ व १९११ साली लीग आणि १९०९ साली चषक जिंकला. ज्या क्लबाचे नाव आज जगभर घेतले जाते, त्याच्या वैभवाचा पाया दंडित माणसांनी घातला.

१९०७ च्याच एप्रिलात टॉमस ब्लॅकस्टॉक नावाचा युनायटेडचा एक खेळाडू राखीव संघाच्या सामन्यात चेंडूस डोके लावल्यावर कोसळला आणि मरण पावला. मृत्यू नैसर्गिक ठरला. कुटुंबास भरपाई मिळाली नाही. खाणीत मजूर मेला तर काय होते हे मेरेडिथने लहानपणापासून पाहिले होते, आणि येथे तर खाणीइतकीही सोय नाही हे त्याच्या ध्यानी आले. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची सभा भरली. अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता. त्या दिवशी स्थापन झालेली खेळाडूंची संघटना मधल्या पडझडीतून निभावून आजही चालू आहे.

संघटनेने इतर मजूरसंघांच्या महासंघाशी नाते जोडावयाचे ठरविताच असोसिएशनचे पित्त खवळले. १९०९ च्या उन्हाळ्यात फर्मान निघाले: १ जुलैच्या आत संघटनेचा राजीनामा द्या, नाही तर खेळावयास मुकाल. देशातील बहुतेक खेळाडूंनी सही करून सुटका करून घेतली. लेकरेबाळे असलेल्या माणसांस त्याबद्दल नावे ठेवणे आपल्यास शोभणार नाही. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र चार्ली रॉबर्ट्स व मेरेडिथ यांच्याभोवती उभे राहिले. क्लबाने वेतन बंद केले, मैदान बंद केले. तेव्हा ते फॅलोफील्ड येथे दुसरीकडे सराव करू लागले. त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सर्वांच्या पुढे एक पाटी ठेविलेली असून तीवर ‘बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब, १९०९’ अशा अर्थाचा मजकूर आहे. चारच महिन्यांपूर्वी चषक जिंकलेला संघ तो हाच. पुढे इतर क्लबांचे खेळाडूही परत फिरले आणि हंगाम सुरू होण्याच्या अगदी आदल्या दिवशी, ३१ ऑगस्टला, समेट झाला. असोसिएशनने संघटनेस मान्यता दिली. संघटनेस मात्र मजूरमहासंघाचा नाद सोडावा लागला. मेरेडिथला हा समेट कडू लागला. वेतनाची मर्यादा तशीच राहिली, खेळाडू क्लबास जखडलेले राहिले, आणि जिंकलो म्हणून टाळ्या पिटणाऱ्या सोबत्यांचा त्यास राग येई.

१९१५ सालची एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. २ एप्रिलच्या गुड फ्रायडेस युनायटेडने लिव्हरपूलचा २–० असा पराभव केला. लवकरच उघडकीस आले की, तो निकाल दोन्हीकडच्या काही खेळाडूंनी आधी ठरवून त्यावर पैजा लाविल्या होत्या. सात जणांस आजन्म बंदी झाली. त्यांत सँडी टर्नबुल होता, एनोक वेस्ट होता. मेरेडिथ त्या सामन्यात खेळला होता, परंतु त्याच्यावर ठपका आला नाही. आपल्याकडे कोणी चेंडूच देईना, तेव्हा काही तरी पाणी मुरते आहे हे आपल्या लक्षात आले, असे त्याने सांगितले. दहा वर्षांपूर्वी ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेविला नाही, त्याच्या शब्दावर या खेपेस विश्वास बसला. टर्नबुल १९१७ च्या मेमध्ये आरासच्या रणभूमीवर पडला. युद्धानंतर इतरांची बंदी उठली. आपला निरपराधीपणा कोर्टात सिद्ध करावयास गेलेल्या वेस्टची बंदी मात्र १९४५ पर्यंत कायम राहिली.

त्याच्या संसाराविषयी फार लिहिण्याजोगे नाही, आणि ते बरेच आहे. एलेन ही त्याची पत्नी, दोन मुली. व्यापारात त्याला यश नव्हते. खेळाच्या साहित्याचे दुकान काढले ते बुडाले. पुढे मँचेस्टरातच मद्यगृह चालविले. एका मुलीने मँचेस्टर सिटीचा खेळाडू चार्ली प्रिंगल याच्याशी लग्न केले, आणि काही काळ सासराजावई एकाच संघातून खेळले. असा योग इतरत्र क्वचितच आला असेल.

कारण हा सासरा थांबावयास तयारच नव्हता. १५ मार्च १९२० रोजी लंडनमधील हायबरीच्या मैदानावर वेल्सने इंग्लंडला २–१ असे हरविले. मेरेडिथचे वय तेव्हा पंचेचाळीस. वेल्ससाठी तो एकंदर ४८ सामने खेळला, त्यांपैकी २० इंग्लंडविरुद्ध. आणि इंग्लंडवर मिळविलेला त्याचा हा पहिला व शेवटचा विजय. सामना संपल्यावर तो रडला म्हणतात. ज्या सिटीसाठी पुन्हा खेळू नये असे त्यास एकदा बजावले होते, तिच्याकडेच तो १९२१ साली परतला. १९२४ च्या चषकस्पर्धेत पन्नाशीस टेकलेला हा गृहस्थ उजव्या बगलेवर पुन्हा उभा राहिला. २९ मार्चला उपान्त्य सामन्यात न्यूकॅसलने सिटीचा २–० असा पराभव केला. पहिला सामना न्यूकॅसलशी, शेवटचाही न्यूकॅसलशी, आणि दोहोंतही हार.

१९ एप्रिल १९५८ रोजी, म्हणजे म्युनिकच्या विमान अपघातात युनायटेडचा तरुण संघ नष्ट झाल्यास अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, मँचेस्टरच्या विदिंग्टन भागात तो वारला. वय ८३ होते. वेतनाची मर्यादा, जी वाढत वाढत २० पौंडांवर आली होती, ती १९६१ च्या जानेवारीत संपली. कराराची मुदत संपलेल्या खेळाडूस अडकवून ठेवणे बेकायदेशीर आहे असा निर्णय इंग्लंडच्या न्यायालयाने १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात दिला. शहराच्या दक्षिणेकडील स्मशानभूमीत मेरेडिथच्या थडग्यावर त्या वेळी नावाचा दगड नव्हता. तो बसविला गेला २००१ साली. खर्च खेळाडूंच्या संघटनेने, वेल्सच्या असोसिएशनने आणि मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांनी मिळून केला.